डोंगरवाटेवरील सायकलस्वार आणि गावातील मुक्काम

सह्याद्रीच्या घाटवाटा आजवर पायी भटकणाऱ्यांच्या आणि दुर्गप्रेमींच्या मानल्या जात. अलीकडच्या काळात त्यांच्या जोडीला आणखी एक पाहुणा या वाटांवर दिसू लागला आहे. त्याच्या सायकलीला रुंद, खाचदार टायर आणि अनेक गिअर असतात; पाठीवर लहानशी पिशवी असते आणि सायंकाळी गावात शिरताना तो बहुधा चिखलाने माखलेला असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही हौशी तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळण्यास आरंभ केला. त्या खेळातून ही डोंगरी सायकल जन्माला आली. आपल्याकडील खेड्यांत तिला नुसते 'गिअरची सायकल' म्हणतात, आणि तेवढे नाव पुरेसे आहे.

हा पाहुणा मोटारीने येणाऱ्या पर्यटकाहून वेगळा आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मोटारवाला रात्री आपल्या शहरी परतू शकतो किंवा आणखी पन्नास किलोमीटर पुढे जाऊन बरे हॉटेल गाठू शकतो. सायकलस्वाराला ती मुभा नसते. चढणीवर प्रत्येक किलो वजन जाणवत असल्यामुळे तंबू, स्वयंपाकाची भांडी, पांघरुणे असा संसार त्याला बरोबर घेता येत नाही. घाटमाथ्याच्या कच्च्या आणि चढउताराच्या रस्त्यावर दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर ही चांगली मजल समजली जाते. म्हणजे जिथे दिवस मावळेल त्याच्या आसपास निवारा मिळणे ही त्याची गरज असते, आणि ती वस्ती बहुधा एखादी वाडी किंवा पाडा असते. तेथे हॉटेल नसते. घरे असतात, शाळा असते, मंदिर असते आणि ग्रामपंचायतीची इमारत असते.

त्याची मागणीही फार मोठी नसते. अंग टाकण्यापुरती कोरडी जागा, पोटभर जेवण, स्नानाला बादलीभर ऊन पाणी आणि सायकल कुलुपात ठेवण्याची सोय एवढ्यावर तो संतुष्ट होतो. शेवटची बाब यजमानांना सहसा सुचत नाही. या सायकलीची किंमत पुष्कळदा चांगल्या मोटारसायकलीच्या घरात जाते. ती रात्रभर अंगणात उघडी राहणार असेल तर तिच्या मालकाला झोप लागत नाही. पडवीचा एक कोपरा, एक साखळी आणि चाके धुण्यासाठी नळाजवळची जागा एवढी व्यवस्था ज्या घरी असते, त्या घराचे नाव सायकलस्वारांत तोंडोतोंडी पसरते.

सवाल स्वस्त निवाऱ्याचा आहे, आणि तो नवा नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन काळातील लेणे आणि पाण्याची टाकी आहेत. कोकणातील बंदरांकडून घाटावर येणारे व्यापारी, त्यांचे बैल आणि हमाल यांच्या विसाव्याची सोय दोन हजार वर्षांपूर्वी राज्यकर्त्यांना आवश्यक वाटली होती. पुढे धर्मशाळा आल्या. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी यात्रामार्गांवर बांधविलेल्या धर्मशाळा, विहिरी व घाट यांचा उल्लेख या संदर्भात टाळताच येणार नाही. इंग्रजी अमलात डाकबंगले उभे राहिले, परंतु ते साहेबासाठी होते. वाटसरू गावच्या देवळातच पथारी पसरत राहिला.

यासंबंधात शिक्षकवर्गाला विशेष आस्था वाटावी अशी एक हकीकत जर्मनीत घडली. वेस्टफालियातील आल्टेना या गावी रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक होते. वर्गाच्या चार भिंतींबाहेर मुलांना नेऊन शिकविण्याचा त्यांचा परिपाठ असे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी विद्यार्थ्यांसह पायी सहलीवर असताना ब्रोल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळी पावसाने गाठले. एका खेड्यातील शाळेची खोली त्यांना रात्रीपुरती उघडून देण्यात आली. शेतकऱ्याने अंथरायला पेंढा आणि प्यायला दूध दिले. मुले झोपी गेली, आणि शिरमान मात्र त्या रात्री विचार करीत राहिले. सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात. एकेका दिवसाच्या चालीवर अशी एकेक शाळा प्रवासी मुलांना उघडून दिली तर? या कल्पनेतून युवा वसतिगृहांची चळवळ निघाली. १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायम वसतिगृह सुरू झाले आणि ती चळवळ जगभर पसरली. भारतातील यूथ हॉस्टेल्स असोसिएशन तिचीच शाखा होय. तिच्या सभासदांना सामायिक खोलीत माफक दरात खाट मिळते. मात्र अशी वसतिगृहे सह्याद्रीच्या आडवाटेवर क्वचितच सापडतात.

प्रत्यक्ष स्थिती कशी आहे हे पाहण्यासाठी अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घ्यावा. मुंबईची उपनगरी रेल्वे कसाऱ्याला संपते. घाट चढून इगतपुरी, तेथून घोटी आणि घोटीहून दक्षिणेला वळून राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) उजव्या हाताला ठेवीत बारीमार्गे भंडारदऱ्याला येणारा रस्ता सायकलस्वारांच्या आवडीचा आहे. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला वळसा घालणारी, सुमारे चाळीस किलोमीटरची वाट शेंडीहून निघून घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी फिरत पुन्हा शेंडीला येते. भातखाचरे, करवंदीच्या जाळ्या, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रतनगड, अलंग, कुलंग यांचे कडे. ऑक्टोबरात खुरासणीची पिवळी शेते फुललेली असताना ही वाट जितकी देखणी असते तितकी ती वर्षभरात पुन्हा होत नाही.

या वाटेवर शेंडी येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, खासगी हॉटेलेही आहेत. परंतु शनिवार-रविवारी आणि मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांच्या दिवसांत तेथे पाय ठेवायला जागा नसते व दरही चढतात. जलाशयाच्या काठी तंबू लावून देणारेही पुष्कळ झाले आहेत. ते स्वस्त असतात हे खरे. पण उघड्या काठावर सायकलीची राखण कोण करणार, पाऊस आल्यास काय, शौचालय कोठे, हे प्रश्न तेथे सुटत नाहीत. शिवाय हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनहद्दीत परवानगीशिवाय तंबू ठोकणे, चूल पेटविणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट तंबूवाला ग्राहकाला सांगेलच असे नाही.

राहिली ती गावातील घरे. घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे, पांजरे या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. रतनगडावर आणि सांधण दरीत जाणाऱ्या गिर्यारोहकांना जेवूखाऊ घालण्याचा अनुभव येथील अनेक घरांना आहे. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, वरण-भात असे ताट समोर येते. झोपण्यास शेणाने सारवलेली ओसरी किंवा अलीकडे बांधलेली सिमेंटची खोली असते. दर माणशी ठरतो आणि त्यात बहुधा जेवण धरलेले असते, पण ते गृहीत धरू नये. रात्रीचे जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि मुक्काम मिळून किती, हे आधीच विचारून घेणे दोघांच्याही हिताचे असते. भाव कमी करण्यासाठी घासाघीस करणारा पाहुणा शहरातल्या चहाच्या दोन पेल्यांइतक्या रकमेसाठी यजमानिणीचा दिवस खराब करून जातो, हेही नमूद केले पाहिजे.

अशा घरी राहणे शक्य झाले त्यामागे सार्वजनिक कामांचा वाटा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी येणारा पाहुणा, विशेषतः स्त्री पाहुणी, शौचालयाच्या प्रश्नापाशी अडत असे. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातून घरोघर शौचालये झाली आणि ती अडचण बरीच दूर झाली. रस्ते डांबरी झाले, वीज आली. घाटघरला तर २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. घाटघर-रतनवाडीचा परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या भागांपैकी एक. येथे पावसाळ्यात धो-धो कोसळणारे पाणी काळ्या कातळावरून पाहता पाहता दरीत निघून जाते. जमिनीत मुरत नाही. जे अडते ते धरणात जाते आणि धरणाचे पाणी खालच्या बागायतीचे असते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत डोळ्यांसमोर जलाशय असूनही डोंगरउतारावरील वाड्यांतील स्त्रिया हंडे घेऊन विहिरी आणि झरे गाठताना दिसतात. नळयोजनांनी हा भार काही गावांत हलका केला आहे, सर्वत्र नाही. अशा दिवसांत पाच सायकलस्वारांनी प्रत्येकी दोन बादल्या पाण्याने स्नान करावे, शिवाय सायकली धुवाव्यात, याचा हिशेब त्या घरातील बाईच्या डोक्यावर पडतो. हिवाळ्यात जो यजमान हसतमुखाने पाणी तापवून देतो त्याच्याकडे उन्हाळ्यात ओल्या फडक्याने सायकल पुसून भागविणारा पाहुणा समजूतदार म्हटला पाहिजे. ग्रामसभेने उन्हाळ्यापुरता पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार केला तर त्यात वावगे काही नाही.

शासनाच्या ज्या योजना या कामी उपयोगी पडतात त्यांची माहिती गावपातळीवर पोहोचणे अगत्याचे आहे. निवास-न्याहारी योजनेत राहत्या घरातील काही खोल्या पाहुण्यांसाठी नोंदविता येतात. २०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्याखाली शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुण्यांची सोय करून रीतसर नोंदणी करता येते, आणि नोंदणी प्रमाणपत्र बँकेकडे कर्ज मागताना उपयोगी पडते. २०२३ चे 'आई' हे महिला-केंद्रित पर्यटन धोरण स्त्रियांनी चालविलेल्या पर्यटन व्यवसायांसाठी आहे. घरगुती मुक्कामाचे नव्वद टक्के कष्ट स्त्रियाच करतात, असे म्हटले तर गावातील कोणी हरकत घेणार नाही. तेव्हा नोंदणी आणि बँकेतील खाते त्यांच्या नावे व्हावे ही अपेक्षा रास्त आहे. अर्ज भरताना सातबारा किंवा घराचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला, ओळखपत्रे या कागदांची जुळवाजुळव करावी लागते. आडगावातील कुटुंबाला हा व्याप जड वाटतो. ग्रामसेवक व शिक्षक यांनी एकदा बसून चार घरांचे अर्ज एकत्र भरून दिले तर पुढचे काम सुकर होते.

शासकीय विश्रामगृहांबद्दल सायकलस्वारांत बरेच गैरसमज आहेत. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि वन या विभागांची विश्रामगृहे घाटमाथ्यावर मोक्याच्या ठिकाणी आहेत. त्यांवर पहिला हक्क दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचा असतो. खोली रिकामी असल्यास खासगी व्यक्तीस आकार घेऊन ती दिली जाऊ शकते. मात्र आरक्षण संबंधित कार्यालयातून आधी झालेले असावे लागते आणि ऐनवेळी अधिकारी आल्यास जागा सोडण्याची तयारी ठेवावी लागते. अंधार पडल्यावर थेट दारात उभे राहून खानसाम्याशी हुज्जत घालण्याने काही साधत नाही. त्याचबरोबर, आठवड्यातून पाच दिवस कुलूप असलेल्या विश्रामगृहाच्या पडवीत पावसात भिजत उभ्या असलेल्या चार तरुणांना आत घेण्याइतका विवेक त्या कुलपाच्या किल्लीजवळ असावा, अशी अपेक्षाही गैर नाही.

शाळेचा प्रश्न नाजूक आहे. शिरमान यांची कल्पना आपल्या खेड्यांत अनौपचारिकरीत्या कधीचीच रुजली आहे. भटक्यांच्या कित्येक पिढ्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात झोपल्या आहेत. परंतु मुख्याध्यापकाला न विचारता रात्री दहाला व्हरांडा व्यापणे, सकाळी मुले येण्याच्या वेळी तेथेच दात घासत बसणे, मागे प्लॅस्टिकचा कचरा टाकणे या प्रकारांमुळे अनेक शाळांनी फाटकाला कुलूप लावले. शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीने मिळून सुट्टीच्या काळापुरते नियम ठरवावेत हे बरे. वर्गखोली उघडायची नसेल तर समाजमंदिराची खोली द्यावी. प्रतिमाणशी लहानशी रक्कम घेऊन ग्रामपंचायतीची पावती द्यावी. पाहुण्यांची नावे, गाव, फोन क्रमांक वहीत लिहून घ्यावेत आणि पोलीस पाटलांना कळवावे. पाहुणा परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती ठरलेल्या मुदतीत नोंदणी अधिकाऱ्यांकडे ऑनलाइन पाठविणे जागा देणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे काम अवघड नाही, पण ते करायचे असते हेच अनेकांना ठाऊक नसते.

मंदिराच्या बाबतीत भेद करावा लागतो. गावच्या मारुतीच्या देवळात गावकऱ्यांच्या संमतीने झोपता येते. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हे संरक्षित स्मारक आहे. तेथील कोरीव सभामंडपात पथारी टाकणे अगर स्टोव्ह पेटविणे सर्वथा अनुचित होय. लेण्यांनाही हेच लागू आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ती वाटसरूंसाठी कोरली असली तरी आज त्यांच्या भिंतींवरील काजळी पुसणारा कोणी नाही.

पैसा गावात कसा राहतो हा या सर्व विषयाचा गाभा आहे. ज्या घराचा फोन क्रमांक शहरातील मंडळींना ठाऊक असतो त्याच घरी सारे पाहुणे जातात. शेजारच्या घराला भाकरी थापून देण्यापलीकडे वाटा मिळत नाही आणि त्यातून गावात कुरबुरी सुरू होतात. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबक गावाने यावर साधा तोडगा काढला आहे. तेथे पाहुणे पाळीपाळीने घरोघर दिले जातात. आज या घराची पाळी, उद्या पुढच्या. दर सर्वांचा सारखा. पाहुण्याला घर निवडता येत नाही, परंतु त्यामुळे कोणतेच घर मागे राहात नाही. हिमबिबट्याने शेळ्या-मेंढ्या मारल्यामुळे त्रस्त झालेल्या कुटुंबांना जंगल टिकण्यात लाभ दिसावा, हा त्या प्रयत्नामागील हेतू होता. अकोल्याच्या डोंगरात हिमबिबट्या नाही, बिबट्या मात्र आहे, आणि पाळीची पद्धत तर आपल्या गावांना मुळीच अपरिचित नाही. पाण्याची पाळी, राखणीची पाळी गावोगाव चालत आलीच आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने जे अधिकार दिले आहेत ते पाहता असा निर्णय घेण्यास त्या समर्थ आहेत.

सायकलस्वारानेही काही पथ्ये पाळावयाची आहेत. निघण्यापूर्वी किमान दोन मुक्कामांच्या ठिकाणी फोन करून ठेवावा. डोंगराआड मोबाइलचा संपर्क तुटतो, त्यामुळे ऑनलाइन पैसे देणे अनेकदा फसते; लहान नोटा जवळ असाव्यात. येण्याची वेळ कळवावी आणि उशीर झाल्यास तसा निरोप पोहोचवावा, कारण शेतकऱ्याच्या घरी चूल संध्याकाळीच विझते. मांसाहार हवा असल्यास सकाळीच सांगावे; कोंबडी रात्री आठला मिळत नाही. स्वतःची पातळ चादर, बॅटरी आणि पंक्चर काढण्याचे सामान बरोबर असावे. गिअरच्या सायकलीचा सुटा भाग राजूरच्या बाजारातही सहसा मिळत नाही, आणि गावातला कारागीर हुशार असला तरी डिस्क ब्रेक त्याने पूर्वी हाताळलेला असेलच असे नाही.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेवर येणाऱ्यांनी मुक्कामाचा बेत अधिक सावधपणे आखावा. धुके इतके दाट असते की दहा हातांवरची म्हैस दिसत नाही, दरडी कोसळतात आणि ओढ्यांवरील फरशी पुलांवरून पाणी वाहू लागले की गावे काही तास एकमेकांपासून तुटतात. पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्याच वाडीत थांबावे. त्या दिवसांत भातलावणीची घाई असते; घरातील सारी माणसे चिखलात गुडघाभर उभी असतात आणि पाहुण्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्यास कोणाला सवड नसते. अशा वेळी जे घरच्यांसाठी रांधले असेल तेच मिळते. काही सायकलस्वार लावणीच्या खाचरात उतरून दोन-चार तास हातभार लावतात. त्यांच्या लावलेल्या ओळी सरळ येत नाहीत आणि त्या मागाहून पुन्हा लावाव्या लागतात, असे यजमान हसत सांगतात. रात्री ताटात वाढलेल्या भातावर मात्र तूप थोडे जास्त असते.